आधी मरण हटतं, मग पाळणा लांबतो

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी मला विचारलं आहे : "मॅडम, आमच्या शाळेचा पट वीसच्या खाली आला. शाळा टिकते की नाही याचीच धास्ती आहे. आणि बातम्यांत ऐकतो की भारत लोकसंख्येत चीनच्याही पुढे गेला. पोरं विचारतात, गुरुजी, माणसं वाढायला लागलीत की कमी व्हायला? पुस्तकात लिहिलंय की देश सुधारला की वाढ मंदावते. पण का मंदावते? पैसा आला तर उलट जास्त पोरं पोसता येतील की!"

गुरुजी, दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पट घटतोय तोही खरा आणि देशाची माणसं वाढतायत तेही खरं. दोन्हींचा मेळ कसा बसतो ते सांगते. मी तेहेतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. सुरुवात जत तालुक्यात, मग खटाव, माण आणि शेवटी कोरेगाव. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि बाळंतपणाच्या खोलीतलं जास्त सांगेन.

सुरुवात एका जुन्या वहीपासून करते. २०२३ च्या शेवटाला कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली. म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मरणाची नोंदवही. माझ्या माहेरच्या गावच्या वहीच्या झेरॉक्स माझ्या भावानं आणल्या होत्या, मोडी वाचणाऱ्याकडून बाळबोधीत उतरवून घेतलेल्या. घरातले सगळे जातीच्या रकान्यात बोट घालून बघत होते. मी मरणाचा रकाना वाचत बसले. एकाच घरात सात वर्षांत पाच जन्म आणि त्यांतल्या चार लेकरांची मरणं. कारणाच्या जागी एकेक शब्द : ताप, पटकी, देवी, हगवण. काही मुलांना तर नावही नव्हतं, फक्त "मुलगा, वय ९ दिवस". बारशाआधीच गेलेली.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वहीत आहे. त्या काळी माणसं पाच-सात मुलं जन्माला घालत होती, तरी गाव वाढत नव्हतं. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ४९ जन्म होत आणि जवळजवळ तितकीच मरणं. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, त्याच दशकातली. त्या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं त्या एकाच दशकात झालं, म्हणून १९२१ ला आमच्या विषयात दुभाजकाचं वर्ष मानतात. त्याच्या अलीकडे वाढ सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

आता गंमत बघा. १९२१ नंतर लोक जास्त मुलं व्हायला लागली म्हणून वाढले नाहीत. मुलं पूर्वीइतकीच होत होती. ती मरायची थांबली म्हणून वाढले. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. मी तर म्हणेन, वर्गात "लोकसंख्येचा स्फोट" हा शब्द वापरूच नका. स्फोट म्हटलं की कुणीतरी काहीतरी वाईट केलं असं वाटतं. जे झालं ते इतकंच की आयांची लेकरं जगायला लागली.

मरण कसं हटलं? युरोपात ते हळूहळू हटलं. स्वीडनमध्ये १७४९ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, त्यांत ही गोष्ट सावकाश उलगडताना दिसते. शेती सुधारली, खायला बरं मिळालं, शहरांत गटारं आणि नळ आले, मग लशी, मग औषधं. शंभर-दीडशे वर्षं लागली. आपल्याकडे हे सगळं तयार होऊन आलं. देवीची लस, हिवतापावर डीडीटीची फवारणी, पेनिसिलिन, मग क्षयाची औषधं, पुढे मिठा-साखरेचं पाणी आणि गोवराची लस. त्यासाठी गावात कारखाना यावा लागला नाही की लोकांच्या खिशात पैसा यावा लागला नाही. फवारणीवाला पत्र्याचा डबा पाठीला लावून आला आणि हिवताप कमी झाला. मिरजेत १८९४ पासून मिशनचं मोठं इस्पितळ होतं, पण जतच्या माणसाला ते दूर होतं. त्याच्यापर्यंत आधी पोचला तो फवारणीवाला आणि देवी टोचणारा.

म्हणून आपल्याकडे मरण फार वेगानं उतरलं. १९५१ ते ६० मध्ये हजारी जन्म सुमारे ४२ होते, मृत्यू २३ वर आले होते. १९७१ ते ८० मध्ये जन्म ३७ आणि मृत्यू १५. आता वजाबाकी करा : पहिल्यात १९, दुसऱ्यात २२. जन्म कमी होत होते तरी वाढ वाढत होती, कारण मरण त्याहून जोरात पडत होतं. युरोपात या दोन रेघांमधली फट एवढी रुंद कधीच झाली नाही. आपल्याकडे झाली, म्हणून १९६१ ते ८१ या वीस वर्षांत दर दशकाला जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी माणसं वाढली. आणि २०२० चे आकडे घ्या : जन्म साडेएकोणीस, मृत्यू सहा. फट साडेतेरा. मिटत चालली आहे, मिटलेली नाही.

पुस्तकात याच्या चार पायऱ्यांची आकृती असते. ती बरोबर आहे. अमेरिकेतल्या वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये देशांचे असे गट पाडून दाखवले आणि पुढे फ्रँक नोटस्टीन यांनी १९४५ च्या सुमारास त्याला सिद्धांताचं रूप दिलं. पण आकृतीत रेघ खाली वळलेली दिसते, ती का वळते ते दिसत नाही. तुमचा प्रश्न नेमका तोच आहे.

तर का वळते?

मी जतला रुजू झाले तेव्हा माझ्याकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असायची. कोणाला किती मुलं, शेवटचं मूल किती महिन्यांचं, गर्भनिरोधक साधन कोणतं. पाच मुलं असलेली एक बाई होती, सहाव्यांदा दिवस गेलेले. मी नवीन, उत्साही, तिला समजावायला बसले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पाच न्हाईत. सात झाली, दोन गेली. एक पोर म्हंजी वाऱ्यावरचा दिवा. चार हाताशी असली तर एखादं म्हातारपणी पाणी द्यायला राहतंय." मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, कारण तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिच्या सासूनं आणि आईनं जे बघितलं त्यावर तो बेतलेला होता. १९७१ मध्ये देशात हजारी सुमारे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. आठातलं एक. पाच वर्षांपर्यंतचं धरलं तर त्याहून जास्त.

आता अडचण अशी की मरण हटलं तरी माणसाला ते लगेच कळत नाही. सरकारी अहवालात आकडा उतरतो त्या वर्षी आईचा विश्वास बसत नाही. तिला बघावं लागतं : माझं पहिलं जगलं, जावेचं जगलं, शेजारणीची तिन्ही जगली, गोवराच्या साथीत यंदा कुणी गेलं नाही. असं दहा-पंधरा वर्षं दिसत राहिलं की मग तिचा हात ढिला होतो. ही जी मधली वर्षं, तीच लोकसंख्यावाढ. मरण उतरण्यात आणि भरवसा बसण्यात जेवढं अंतर, तेवढी गर्दी.

खटावला असताना मला हे डोळ्यांनी दिसलं. ज्या गावांत नर्सबाई टिकून राहिली, लसीकरणाचा वार चुकला नाही, तिथं ऑपरेशनला बायका आपणहून यायच्या. ज्या उपकेंद्राला कुलूप असायचं तिथं कितीही फेऱ्या मारल्या तरी "बघू पुढच्या साली". कुटुंब नियोजनाचा सगळ्यात चांगला प्रचार म्हणजे गोवराची लस, असं मी मीटिंगमध्ये म्हणायची. लोकांना ते विचित्र वाटायचं.

पण भरवसा हे एक कारण झालं. दुसरं, मुलांचा उपयोग आणि खर्च. दुष्काळी भागात पोर सहा वर्षांचं झालं की कामाचं. शेरडं राखणं, पाणी आणणं, धाकट्याला सांभाळणं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर अख्खी घरं गेली. जितके हात तितकी मजुरी. जॉन कॉल्डवेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९७६ मध्ये हे फार नेमकं मांडलं. जोवर संपत्ती मुलांकडून आई-बापाकडे वाहते, तोवर जास्त मुलं असणं फायद्याचं. प्रवाह उलटा फिरला, आई-बापाकडून मुलाकडे वाहायला लागला, की मुलं कमी होतात. हा प्रवाह उलटा फिरवते ती शाळा. मूल दिवसभर शाळेत बसलं की शेरडं राखायला कोणी नाही, वर वह्या-दप्तर, मग बारावी, मग डिप्लोमाची फी. त्यामुळे तुमच्या "जास्त पोसता येतील की" ला हे उत्तर. पोसता येतील हो, पण शिकवता येणार नाहीत. पैसा आला की माणूस मुलांची संख्या वाढवत नाही, एकेका मुलावरचा खर्च वाढवतो. तासगाव भागातला द्राक्षबागायतदार बघा, हातात पैसा आला तेव्हा त्यानं एकाला इंजिनियर केलं आणि दुसऱ्याला फार्मसीला घातलं.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं आहे आणि पुस्तकात ते एका ओळीत संपतं : मुलगी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारा किंवा जास्त वर्षं शिकलेलीला १.८. एका पूर्ण मुलाचा फरक. यात पुस्तकी ज्ञानाचा भाग थोडाच आहे. मुलगी शाळेत राहिली की लग्न तीन-चार वर्षं पुढे जातं. लग्न पुढे गेलं की पहिलं मूल पुढे जातं, आणि विशीनंतरच्या आईचं मूल जास्त जगतं. शिकलेली बाई दवाखान्यात मान खाली घालून बसत नाही, "ही गोळी कशाची?" असं विचारते. नवऱ्याशी बोलताना तिचा आवाज निघतो. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लोकसंख्या नव्हती, बहुजनांची पोरं होती. तरी सातारा-सांगलीत जन्मदर राज्याच्या बऱ्याच भागांच्या आधी उतरला त्यामागे खेड्याखेड्यात पोचलेल्या शाळांचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

याच साताऱ्यात २००७ मध्ये एक वेगळी योजना सुरू झाली होती. नव्या जोडप्यानं पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. लोकांनी तिला हनिमून पॅकेज म्हटलं, परदेशी वर्तमानपत्रांतही तिची बातमी आली. पाच हजारांसाठी कुणी आयुष्याचा निर्णय बदलतं का, असं मला बरेच जण विचारायचे. पैशापेक्षा मला तिचा दुसरा उपयोग दिसला. सासू विचारायची, "वर्ष झालं, अजून काही नाही?" तेव्हा सुनेला सांगायला एक सरकारी कारण मिळालं. आमची आशाताई नव्या नवरीशी सासूसमोर बोलू शकली, कारण विषय पैशांचा होता. एकोणिसाव्या वर्षी आई होणारी मुलगी एकविसाव्या वर्षी आई झाली, तर तिच्या प्रकृतीला ती दोन वर्षं फार मोलाची असतात.

मग देश श्रीमंत व्हावाच लागतो का? नाही. इथं पुस्तकातलं "विकास" हे फार ढोबळ आहे. १९७४ ला बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग म्हणाले होते, विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक. वाक्य गाजलं. पण बांगलादेश बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं बाईला सरासरी जवळजवळ सात मुलं होती, आज दोनच्या थोडं वर. देश श्रीमंत व्हायच्या कितीतरी आधी हा आकडा अर्ध्यावर आला होता, कारण घरोघर जाणाऱ्या बायका साधनं घेऊन दारात पोचल्या. इराणमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साडेसहाच्या आसपास होता, वीस वर्षांत दोनच्या जवळ आला. तिथं खेड्याखेड्यात आरोग्यघरं होती आणि मुली शाळेत गेल्या. आपला केरळ तर सर्वांना ठाऊक आहे. आणि फ्रान्समध्ये कारखानदारी यायच्या आधी, अठराव्या शतकाच्या शेवटालाच मुलं कमी व्हायला लागली होती. त्यामुळे मी विकास हा शब्द सोडून तीन प्रश्न विचारते. बाळ जगतं का? मुलगी शिकते का? साधन हाताशी आहे का? या तिन्हींना हो असेल तर खिशात फार नसलं तरी चालतं.

साधनाचं म्हणाल तर महाराष्ट्राला याची लाज नको. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. आणि १९५२ मध्ये कुटुंब नियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून हाती घेणारा भारत जगातला पहिला देश. पण मग एक वाईट वळण आलं, आणि तेही सांगायला हवं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या आणि कित्येक जबरदस्तीच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. मी दहा वर्षांनी नोकरीला लागले, तरी "नसबंदी" म्हटलं की गडीमाणूस उठून जायचा. त्या एका वर्षानं पुरुषांची शस्त्रक्रिया कायमची बदनाम केली. आज देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषाच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, पोट उघडावं लागत नाही, दोन दिवसांत माणूस कामाला जातो. हे मी किती वेळा सांगितलं असेल! उत्तर ठरलेलं : "त्याला कष्टाची कामं असतात." जणू उसाच्या बांधावर भारा उचलणारी ती घरात बसून असते.

नसबंदीच्या टार्गेटच्या काळात तुम्ही नोकरीत नव्हता बहुतेक, पण तुमच्या आधीच्या गुरुजींना विचारा. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना "केसेस" आणायच्या असत. मार्च आला की कॅम्पला गर्दी. एका आरोग्य केंद्रात मी एका दिवसात इतक्या बायका ऑपरेशनला आलेल्या बघितल्या की खाटा पुरल्या नाहीत, व्हरांड्यात सतरंज्यांवर झोपवल्या. त्या दिवसाची मला आजही बोचणी आहे. १९९६ मध्ये टार्गेट काढून टाकली आणि अनेकांना वाटलं, आता कार्यक्रम बुडाला. जन्मदर घसरतच राहिला. बायकांना मुलं कमी हवीच होती, त्यांना पकडून आणायची गरज नव्हती. चीनचंही तेच. लोक म्हणतात एक मूल धोरणानं चीननं लोकसंख्या आवरली. पण ते धोरण आलं १९७९-८० ला, आणि तिथला सरासरी सहाच्या जवळचा आकडा सत्तरच्या दशकातच तीनच्या खाली आला होता.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मुलं लवकर कमी झाली, पण मुलगा हवाच, ही इच्छा कमी झाली नाही. पाच मुलं होत तेव्हा त्यात एखादा मुलगा आपोआप यायचा. दोनच ठेवायची ठरली आणि मुलगाही हवा, तेव्हा दोन मुली झालेल्या घरात काय होतं ते आम्ही रोज बघत होतो. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या मुलीचं नाव "नकुसा" ठेवायचे, म्हणजे नको असलेली. साताऱ्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. त्या मुली स्वतःची नवी नावं सांगत होत्या तेव्हा मला रडू आवरलं नाही. पण नकुसा निदान जन्माला आली होती. सोनोग्राफीचं मशीन आलं तेव्हा ती जन्मालाच येईनाशी झाली. शून्य ते सहा वयात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये या जिल्ह्यांत नऊशेच्या वर होत्या. २००१ मध्ये साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. पाणी, ऊस, द्राक्षं, दूधसंघ, शिक्षण, सगळं असलेले जिल्हे. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, कायदा केला होता. देशाचा कायदा १९९४ चा. तरी २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. २०११ च्या जनगणनेत आकडा थोडा वर सरकला, पण नऊशेच्या आतच राहिला.

म्हणून "विकासानं लोकसंख्यावाढ कमी होते" हे वाक्य मुलांना सांगाल तेव्हा सोबत हेही सांगा, की लहान कुटुंब आणि मुलीची किंमत या एकत्र येतातच असं नाही. दक्षिण कोरियात तसंच झालं होतं. नव्वदच्या दशकात तिथंही मुली घटल्या होत्या, पुढे समाज बदलला आणि प्रमाण पूर्ववत आलं. म्हणजे हे दुरुस्त होऊ शकतं. आज गावोगाव शेती करणाऱ्या मुलग्यांना लग्नाला मुलगी मिळत नाही, बायोडाटा घेऊन मध्यस्थांकडे हेलपाटे घालतात. शहराकडचा ओढा हे त्याचं एक कारण आहेच. पण २००१ मध्ये जी मुलगी मोजणीत कमी भरली, ती आज पंचविशी-तिशीत असती.

आता तुमचा मूळ पेच, मुलं कमी आणि माणसं जास्त. फळ्यावर असं मांडून दाखवा. गावात १०० जोडपी, प्रत्येकाला पाच मुलं, सगळी जगली. झाली ५००, त्यांत साधारण २५० मुली. या मुलींनी शहाणपणानं दोनच ठेवली, तरी पुन्हा ५०० मुलं जन्मली. आणि त्याच काळात वरच्या पिढीतले किती जाणार? ती १०० जोडपी, म्हणजे २०० माणसं. ५०० आले, २०० गेले. प्रत्येक घरात दोनच मुलं असूनही गाव वाढलं. गाडीचा ब्रेक दाबला तरी गाडी लगेच थांबत नाही, तसंच. भारताचा आकडा आज बाईमागे दोनच्या आसपास आहे. पिढी जशीच्या तशी राहायला २.१ लागतात. म्हणजे आपण ब्रेक पूर्ण दाबला आहे. महाराष्ट्रात तर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता. बिहारमध्ये ३.०, पण तिथंही त्याच्या पंधरा वर्षं आधी ४.० होता. तोही त्याच रस्त्यानं येतोय, फक्त मागून. तरीही देशाची माणसं काही दशकं वाढत राहतील. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा आहे की भारत २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरायला लागेल. अंदाजच तो, पण गती समजायला पुरेसा.

एक सावधगिरी. तुमच्या शाळेचा पट आणि जन्मदर एकच समजू नका. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, सातारा जिल्हा जेमतेम ७ टक्क्यांनी, सांगली ९ टक्क्यांनी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तर घटले. पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला. पुण्यात बायकांना जास्त मुलं होतात का? नाही, आपली पोरं तिथं राहायला गेली. पाटण-जावळीचा माणूस आधी गिरणीत गेला, मग माथाडी झाला. खानापूर-आटपाडीचा गलाई कामगार सोनं गाळायला देशभर पसरला, आणि बायको-मुलांना घेऊन तिथंच राहिला. माण-खटावच्या माणसांना आजवर दुष्काळानं बाहेर काढलं. त्यामुळे तुमच्या पटात तीन गोष्टी मिसळल्यात : मुलं कमी झाली, आई-बाप बाहेर गेले, आणि जे उरले त्यांतल्या काहींनी पोरं इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये बसवली.

यापुढचं काय, हेही तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण मला त्याची काळजी वाटते. दोनच्या खाली गेलेला आकडा क्वचितच परत वर येतो, असाच आजवरचा अनुभव आहे. दक्षिण कोरिया १९६० मध्ये सहाच्या आसपास होता, २०२३ मध्ये ०.७२. सरकारनं पैसा ओतला, सवलती दिल्या, उपयोग फारसा नाही. जपानची लोकसंख्या दीड दशकाहून जास्त काळ घटतेय, चीनची २०२२ पासून. जपान आणि कोरिया आधी श्रीमंत झाले, मग म्हातारे. आपण श्रीमंत व्हायच्या आधी म्हातारे होऊ का, हा माझ्या दृष्टीनं आजचा खरा प्रश्न आहे. कोरेगावच्या माझ्या शेवटच्या वर्षांत ओपीडीत लहान मुलं कमी आणि साखर-रक्तदाबाचे म्हातारे जास्त येत. एकेका वाडीत तीन-तीन घरांत फक्त दोघं म्हातारी. औषध कोण आणून देणार, हे आधी विचारावं लागायचं, मग चिठ्ठी लिहायची. आपली आरोग्य केंद्रं बाळंतपण आणि लसीकरणासाठी बांधलेली. म्हाताऱ्यांसाठी त्यांची तयारी अजून झालेली नाही. आणि इकडे ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नसावं, हा नियम. त्या नियमानं जन्मदर किती उतरला हे दाखवणं कठीण आहे. मी मात्र त्यापायी नवऱ्यानं टाकलेली एक गरोदर बाई बघितली आहे, आणि एक तिसरं मूल दुसऱ्याच्या नावावर चढवलेलं.

वर्गासाठी तुम्हाला काही हवं असेल तर नवीन काही आणायला नको. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर घ्या, जितकं जुनं मिळेल तितकं. दर दहा वर्षांनी पहिलीत किती मुलं आली ते मुलांना मोजू द्या, मुलगे आणि मुली वेगळे. एकाच बापाच्या नावावर किती भावंडं आली तेही. सत्तर-ऐंशी सालातली भावंडांची रांग आणि आत्ताची, दोन्ही मुलांना आपापल्या आडनावांत सापडतील. मग २००१ ते २०१५ च्या दरम्यान पहिलीत आलेल्या मुलींचा आकडा वेगळा लिहा. जनगणना १ मार्च २०२७ च्या तारखेनं होणार आहे. बहुधा मोजायला तुम्हालाच जावं लागेल. तेव्हा घरातल्या बाईला "मुलं किती झाली आणि किती जगली?" हा प्रश्न विचाराल, तर घाईनं विचारू नका आणि शक्यतो तिलाच विचारा, ओसरीवर बसलेल्या पुरुषाला नको. गेलेली लेकरं फक्त तिच्याच मोजणीत असतात.